फौजींचा ट्रॅक्टर मोडत नाही

कृष्णात फौजींनी त्या दिवशी चहा पिता पिता मनाशी पक्कं ठरवलं, की आज संध्याकाळी मालिका बघताना तोंड उघडायचं नाही. काहीही दाखवू देत. चौकोनी टायर दाखवू देत. आपण भिंतीकडं बघायचं, पण बोलायचं नाही. (ठरवण्यात फौजी कधी कमी पडत नाहीत, असं त्यांच्या बायकोचं, म्हणजे शालूबाईंचं, म्हणणं आहे. त्यापुढचं त्या बोलत नाहीत.)

मालिकेचं नाव 'चिमुकली चाकं'. त्यात निहार नावाचा एक देखणा पोरगा गाड्यांची हुबेहूब खेळणी करतो, ओवी नावाच्या मुलीवर प्रेम करतो, आणि रणधीर नावाचा त्याचा सावत्र भाऊ रोज या दोन्ही कामांत बिब्बा घालतो. अख्खं आष्टा ही मालिका ओवीसाठी बघायचं. फौजी एकटे खेळण्यांसाठी बघायचे, कारण ते स्वतःच त्या वाटेचे वाटसरू होते. फौजेतली सगळी नोकरी गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये गेलेली. पेन्शनीत आल्यावर उसाला पाणी पाजून झालं तरी हात गप्प बसेनात. मग त्यांनी पत्रा कापून ट्रॅक्टर करायला घेतले. मांजराएवढा ट्रॅक्टर, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांत खराट्याच्या काड्यांचा ऊस, तोही हंगामात कारखान्याच्या वाटेवर दिसतो तसा, मागून लोंबणाऱ्या पाल्यासकट.

हे ट्रॅक्टर बाहेरच्या खोलीतल्या शोकेसमध्ये उभे असत. त्यांच्यापायी शालूबाईंचा काचेचा टी-सेट हळूहळू मागं सरकत भिंतीला टेकला होता. शालूबाई त्या सगळ्या कारभाराला मिळून 'खुळखुळं' म्हणायच्या. शोकेस पुसताना त्यांचं फडकं प्रत्येक ट्रॅक्टरवरून फिरायचं, पण नजर कधी थांबली नाही. हे फौजींना फार लागायचं. आल्यागेल्यानं कितीही कौतुक केलं तरी त्यांचं पोट भरत नव्हतं. बायकोनं एकदा, फक्त एकदा, जवळ येऊन बघावं आणि 'बरा केलाय' म्हणावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

त्यांना समजून घेणारी माणसं होती, पण ती मोबाइलवर. 'मिनी गॅरेज' नावाच्या ग्रुपवर फौजींसारखेच आणखी काही नादखुळे जमले होते. कोयनानगरचे नानासो एसटी गाड्या करायचे आणि प्रत्येक गाडी फळीला स्क्रूनं आवळून ठेवायचे, कारण तिकडं जमीन अधूनमधून स्वतःच हलून बघते. आटपाडीचा मल्हार कापसाची मेंढरं करायचा. कळप, कळपामागं घोडं, घोड्यावर डालगं आणि डालग्यात कोंबडी, असा सगळा संसार. मालिका सुरू झाल्यापासून या ग्रुपला दुसरा विषयच उरला नव्हता.

"हाताला वल्ला रंग आन पांढऱ्या कुडत्याला मिठी! डाग म्हनून न्हाई!" असं नानासो लिहायचे. "ह्यो रंग कुठल्या दुकानात गावतो तेवढं कुनीतरी इचारा."

"ते जाऊ द्या," मल्हारचं रोज एकच. "ह्यात मेंढरं कवा दावनार?"

तर त्या संध्याकाळी फौजी भिंतीकडं बघत बसले होते. शालूबाई मात्र पुढं सरकून, गुडघ्यांवर हात ठेवून टीव्हीत शिरल्या होत्या. निहारनं ओवीला लग्नाचं विचारून कितीतरी दिवस झाले होते आणि आज ओवी उत्तर देणार होती. ओवी खिडकीतून वळली. डोळ्यांत पाणी आलं. वाद्यं थांबली. ओवीनं तोंड उघडलं, आणि नेमकी त्याच वेळी फौजींची मान भिंतीकडून टीव्हीकडं वळली. ओवीच्या मागं, टेबलावर, निहारनं केलेला ट्रॅक्टर होता.

"आरं नक्षी उलटी!" फौजी पलंगावरनं ताडकन उठले. "मागच्या टायरची नक्षी उलटी बसीवलीय, येड्या! चिखलात घातला तर जाग्यावर बसंल ह्यो!"

ओवीला जे बोलायचं होतं ते तेवढ्यात बोलून झालं. जाहिराती लागल्या.

शालूबाई सावकाश मागं वळल्या. "काय म्हनली ती?"

"कोन?"

"ओवी! व्हय म्हनली का न्हाई म्हनली?"

"ते काय म्या आयकलं न्हाई. पर टायर..."

शालूबाईंनी टीव्ही बंद केला. "उद्यापास्नं तुमचं समदं खुळखुळं गोठ्यात," त्या म्हणाल्या. "म्हशीला दावा नक्षी."

फौजेत कर्नलसाहेबांचा हुकूम एखाद्या वेळी बदलायचा, पण शालूबाईंचा बदललेला कुणाच्या ऐकिवात नव्हता. फौजी अंगणात गेले आणि सगळा राग एका व्हॉइस मेसेजमध्ये भरून त्यांनी ग्रुपवर सोडून दिला. कसला कारागीर रं ह्यो, आमच्या युनिटला असता तर त्योच टायर गळ्यात घालून ग्राउंडला पळिवला असता, आन पळताना नक्षी कुठल्या बाजूला ते म्हनाय लावलं असतं, वगैरे.

मल्हारला तो मेसेज इतका आवडला की त्यानं तो आपल्या मेहुण्याला पाठवला. मेहुण्याचा टेम्पो होता आणि तो टेम्पो साताऱ्याच्या पुढं एका गावात या मालिकेच्याच शूटिंगला रोज जेवण पोचवायचा. मेहुण्यानं वाढता वाढता तो मेसेज सगळ्यांना ऐकवला. आपल्या बोलण्यावर साताऱ्यापलीकडं भात कालवला जातोय याचा फौजींना पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "नमस्कार. टायर गळ्यात घालणारे सर बोलताय का?"

फौजी फोन कानाला लावून सावधान उभे राहिले. आता काय ऐकून घ्यावं लागतंय, कुणास ठाऊक.

"मी राजवर्धन. मालिकेतल्या सगळ्या वस्तू मी जमवतो. तो टायर मीच बसवला होता," पलीकडचा आवाज हसत होता. "सर, आम्हाला एक ट्रॅक्टर करून द्याल का? निहारनं वडिलांच्या आठवणीत केलेला, असा. रणधीर येतो आणि सगळ्यांसमोर तो उचलून आपटतो, असा सीन आहे. म्हणून जरा हलका करा. थर्माकोलचा असला तरी चालेल."

आता इथं फौजींचा दोष म्हणावा तर आहे, आणि नाही म्हणावा तर नाही. त्यांच्या वर्कशॉपमध्ये कुठलीही नवी वस्तू आली की ती आधी उंचावरून आपटायची. टिकली तर पास, नाही तर परत. माणूस वस्तू आपटतो तो ती किती पक्की आहे ते बघायला, दुसऱ्या कशासाठी आपटेल? रणधीर आपटणार, ट्रॅक्टर टिकणार आणि निहारच्या कारागिरीचा जयजयकार होणार, हे सगळं त्यांना तिथंच, फोनवर उभ्या उभ्या दिसलं. थर्माकोलचं म्हणाल, तर पोरगा आपल्या वयाकडं बघून सवलत देतोय असं त्यांना वाटलं.

"आपटू दे की!" फौजी म्हणाले. "बिनधास्त आपटू दे. पर थर्माकोलचं काम आपल्याकडं न्हाई."

फोन ठेवून ते आत पळाले. शालूबाई शोकेससमोर पाटी घेऊन बसल्या होत्या आणि पहिला ट्रॅक्टर पाटीत गेलाही होता. फौजींनी एका दमात सगळं सांगितलं. शालूबाईंनी ऐकून घेतलं, विचार केला, आणि निकाल दिला.

"टीव्हीवर दिसू दे. दिसला तर शोकेस तुमचं, माजा टी-सेटबी काढून घेते. न्हाई दिसला, तर गोठा. आन गव्हाणीत ठिवीन, आत्ताच सांगते."

मग फौजी कामाला लागले. चॅसीला जुन्या लोखंडी खाटेची पट्टी लावली, कमानपाट्यांना बंद पडलेल्या घड्याळाची स्प्रिंग. सांधा एकही चिकटवला नाही, सगळे रिबिट ठोकून पक्के. मागच्या टायरची नक्षी तर ते रोज उठल्यावर एकदा तपासून घ्यायचे. आणि रंग वाळल्यावर त्यांनी आपल्या लाडक्या कामाला हात घातला. खऱ्या ट्रॅक्टरवर जिथं जिथं जे जे नाव असतं ते सगळं बारीक ब्रशनं काढलं. बॉनेटवर कंपनी, मडगार्डवर पुन्हा कंपनी, टायरवर टायरची कंपनी, बॅटरीवर बॅटरीची, ट्रॉलीच्या फाळक्यावर कारखाना, मागं फायनान्सवाले. नखभर जागा मोकळी सोडली नाही. फोटो बघून नानासोंनी लिहिलं, "कृष्णात, गड्या, आरटीओ पासिंग करून घे."

निघायच्या दिवशी एक गोष्ट घडली. नवी गाडी घराबाहेर काढताना चाकाखाली लिंबू ठेवतात. फौजींच्या मनात होतं, पण हसं होईल म्हणून ते बोलले नव्हते. ते चपला घालून येतात तर शालूबाई स्वतः उंबऱ्यापाशी वाकून चारही चाकांपुढं लिंबं मांडत होत्या.

"खुळखुळं असलं तरी गाडीच हाय," त्या वर न बघता म्हणाल्या.

फौजींनी ट्रॅक्टर पुढं ढकलला आणि लिंबं फचाफच फुटली. शेजारच्या हरणाबाई दारात उभ्या होत्या. खेळण्याखाली लिंबू फुटलेलं त्यांनी जन्मात पहिल्यांदा बघितलं आणि नकळत हात जोडले.

शालूबाई जांभळी जरीची साडी नेसून बरोबर आल्या होत्या. ट्रॅक्टरसाठी नाही, रणधीरला तोंडावर चार शब्द सुनवायचे म्हणून. शूटिंगच्या गावात एका घराच्या अंगणात मोठमोठे दिवे, छत्र्या आणि अर्ध्या चड्डीतली माणसं यांची जत्रा भरली होती. राजवर्धन पळत आला, त्यानं हौसेनं ट्रॅक्टरचं पोतं उचललं आणि तसाच वाकून राहिला.

"सर... हे... थर्माकोल?"

"काळजी करू नगा," फौजींनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "फर्स्ट क्लास हाय."

दुसरं काही करायला वेळच नव्हता. दिवे लागले. निहार आणि ओवी जागेवर उभे राहिले. रणधीर गुरगुरत आला, त्यानं ट्रॅक्टर उचलला (उचलताना त्याचं गुरगुरणं क्षणभर थांबलं), डोक्याच्या वर नेला आणि म्हणाला, "हेच ना तुझं स्वप्न?" आणि दाणकन आपटला.

ट्रॅक्टर चारही चाकांवर पडला. कमानपाटे एकदा खाली बसले, वर आले, आणि गाडी दोन्ही ट्रॉल्यांसकट जी निघाली ती थेट अंगणातल्या तुळशीवृंदावनावर जाऊन धडकली. वृंदावन मात्र थर्माकोलचं होतं.

गर्दीतून एकच माणूस टाळ्या वाजवत होता. ते फौजी होते.

"कट!" दिग्दर्शिकाबाई खुर्चीतून उठल्या. वृंदावन परत उभं करायला सगळे धावले. बाईंनी रणधीरला सांगितलं, या वेळी आपटल्यावर वरून एक लाथ पण मार. रणधीरनं आपटला आणि मारली. त्यानंतर तो एका पायावर अंगणभर नाचला आणि इंग्रजीत आईची आठवण काढायला लागला.

"गावली का सजा?" शालूबाईंनी मागनं समाधानानं विचारलं. "त्या पोरीला छळतूस!"

बाई फौजींकडं आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांतपणे म्हणाल्या, "काका, हा मोडायला हवा होता. तो मोडतो, निहारचं मन मोडतं, ओवी तुकडे गोळा करते आणि पुढचे कितीतरी भाग दोघं मिळून तो जोडत बसतात. सगळी गोष्टच त्यावर आहे."

फौजींचा चेहरा उतरला. आपटणं म्हणजे मोडणं, हे त्यांना आत्ता कळलं.

"तुम्हीच मोडून द्या," बाईंनी हातोडी पुढं केली. "कुठून मोडतो ते तुम्हालाच माहीत."

फौजींनी हातोडी घेतली. हुकूम म्हणजे हुकूम. ट्रॅक्टरसमोर ते गुडघ्यावर बसले. कुठला रिबिट आधी तोडला की सगळं सुटेल हे त्यांना अगदी बरोबर ठाऊक होतं. पण हात वर गेला आणि वरच राहिला. फौजी आयुष्यभर मोडलेल्या गाड्या उभ्या करत आले होते. त्यांना रडायला आलं आणि इतक्या दिव्यांच्या उजेडात ते लपवायचं कुठं, हेही कळेना.

तेवढ्यात कुणीतरी पुढ्यातला ट्रॅक्टर उचलून घेतला. शालूबाई मातीत मांडी घालून बसल्या होत्या, ट्रॅक्टर मांडीवर, आणि पदरानं त्याची धूळ पुसत होत्या. पुसता पुसता त्यांचा हात थांबला.

"आवं, ह्येचं श्टेरिंग फिरीवलं की चाक फिरतंय."

"व्हय."

"आन ह्यो ट्रॉलीचा खटका खरंच निघतोय."

"व्हय की."

"समद्यांचं असंच हाय? घरातल्याबी?"

"समद्यांचं," फौजी म्हणाले.

शालूबाई ट्रॅक्टर कडेवर घेऊन उठल्या आणि बाईंच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या.

"बाई, लगीन होऊन आल्यापास्नं बगते. ह्या मानसानं आमच्या घरात एक वस्तू मोडली न्हाई. मोडल्यालं समदं नीट केलं, माज्या मिक्सरपास्नं गावच्या पिठाच्या गिरणीपतूर. त्यास्नी मोडाय सांगू नगा. लय बरा केलाय त्यांनी." आणि जाता जाता, "मोडायचंच असंल तर त्या रणधीरचं कायतरी मोडा. समदा गाव पेढं वाटंल."

बाईंनी रणधीरकडं बघितलं. तो पायरीवर बसून अंगठ्याला बर्फ लावत होता. मग ट्रॅक्टरकडं बघितलं. मग त्या एकदम हसायला लागल्या आणि त्यांनी लेखकाला फोन लावला.

त्या दिवशी गोष्ट बदलली. रणधीर आपटतो, ट्रॅक्टर मोडत नाही. लाथ मारतो, अंगठा मोडतो. आणि ओवी सगळ्यांसमोर निहारला म्हणते, की ज्याच्या हातचं मोडत नाही त्याच्याच घरी मी नांदणार. शालूबाईंच्या डोळ्यांना पदर लागला. गर्दी दाखवायला माणसं कमी पडली, म्हणून बाईंनी घाईघाईत या दोघांनाही ट्रॅक्टरच्या मागं उभं केलं. परतीच्या एसटीत फौजी साताऱ्यापासून आष्ट्यापर्यंत एकच वाक्य मनात घोळवत होते. 'लय बरा केलाय.' 'लय' त्यांनी मागितलाही नव्हता.

भाग लागायच्या संध्याकाळी फौजींच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. हरणाबाई सगळ्यात पुढं बसल्या होत्या. कोयनानगरात नानासो चष्मा पुसून बसले होते आणि आटपाडीत मल्हारनं घरच्यांना गप्प बसवलं होतं. शोकेससमोर दोन पाट्या तयार होत्या. एक टी-सेटसाठी, एक गोठ्यासाठी. (शालूबाई अटीला पक्क्या होत्या. मनातून विरघळलेल्या, पण पक्क्या.)

रणधीर आला. गुरगुरला. वाकला. आणि त्यानं डोक्यावर एक पांढुरकं धुकं उचललं.

खोलीत सगळ्यांनी डोळे चोळले. धुकं दाणकन खाली आपटलं, एकदा बसलं, वर आलं आणि तुळशीवृंदावनाकडं धावत सुटलं. रणधीरनं धुक्याला लाथ मारली. ओवीनं धुकं छातीशी धरलं.

चॅनेलला कुठल्याच कंपनीचं नाव फुकटात दाखवायचं नसतं. जिथं नाव दिसेल तिथं ते धुकं पसरतात. आणि फौजींनी तर नखभर जागा सोडली नव्हती.

ग्रुपवर नानासोंचा मेसेज आला, "कृष्णात, नक्षी सरळ हाय का न्हाई ते कळंना गड्या." लगेच मल्हारचा, "फौजी, ती मेंढरं हायती का?"

फौजींनी मान खाली घातली आणि गोठ्याच्या पाटीकडं हात नेला. टीव्हीवर आता गर्दी दिसत होती. मधोमध शालूबाई, जांभळ्या साडीत, जरीच्या काठासकट स्वच्छ, नाकातली चमकीसुद्धा मोजून घ्यावी अशी. आणि त्यांच्या शेजारी माणसाच्या उंचीचं आणखी एक धुकं. फौजींनी त्या दिवशी ऊन लागेल म्हणून खतवाल्यानं दिलेली टोपी कपाळावर ओढून घातली होती, आणि अंगात टी-शर्टही त्याच कंपनीचा होता.

"आगं शाले, तू झ्याक दिसतीस," हरणाबाई टीव्हीला नाक लावून म्हणाल्या. "पर ट्रॅक्टर कुठं हाय? त्यो कुठं दिसला?"

शालूबाई उठल्या. त्यांनी फौजींच्या हातातली पाटी काढून घेतली, शोकेस उघडलं, आपला टी-सेट त्या पाटीत भरला आणि मग टीव्हीजवळ जाऊन बोटानं दाखवलं.

"दिसला की! न दिसाय काय झालं? ह्ये बारकं धुकं हाय नव्हं, ह्ये आमच्या ह्यांनी केल्यालं," त्या अभिमानानं म्हणाल्या. "आन त्येच्या मागं उबं हाय ते थोरलं धुकं म्हंजे आमचे हे."